सायेब, माह्यापाशी बंदूक हाय

आमच्या घरात बंदूक आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, तालुक्यात पुष्कळांना माहीत होतं, आणि जे कोणी उरले असतील त्यांना बाबा स्वतः जाऊन सांगत.

बंदूक म्हणजे तरी काय हो, एकनळी, बारा बोअरची, आजोबांच्या नावावरून बाबांच्या नावावर आलेली. आमचं शेत हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून. तुरीत रानडुकरं शिरायची, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी. पिकाच्या राखणीसाठी म्हणून सरकारनं परवाना दिला होता. बाबा मचाणावर चढून हवेत एक बार काढत. डुकरं जरा वेळ मान वर करून पाहत आणि पुन्हा खायला लागत. त्या बंदुकीनं कोणाचा जीव घेतलाच असेल तर फक्त आमच्या आईचा, आणि तोही बाबांच्या तोंडापायी.

त्याचं असं होतं. बंदूक घेऊन घराबाहेर पडलं की वाटेत जो पोलीस दिसेल त्याला बाबा आपणहून जाऊन सांगत, "सायेब, माह्यापाशी बंदूक हाय." त्यानं विचारलेलं नसे. तो बिचारा पानठेल्यावर तंबाखूला चुना लावत उभा असे, नाही तर सायकलची उतरलेली चेन बसवत असे. बाबा त्याच्यासमोर हजर. एका हातात परवान्याचं पुस्तक, दुसऱ्या काखेत आईच्या जुन्या लुगड्याच्या खोळीत घातलेली ती लांबलचक वस्तू. खोळीवर गुलाबी फुलं. वर्ध्याला एकदा चहा पीत बसलेल्या शिपायाला त्यांनी असं सांगितलं, तर तो इतका दचकला की चहा सगळा पँटवर. मग बाबांनीच त्याला दुसरा चहा पाजला आणि चहाबरोबर बंदुकीचा सगळा इतिहासही.

एस.टी.त तर विचारूच नका. तिथं पोलीस नसे, म्हणून बाबा कंडक्टरला सांगत. कंडक्टर म्हणाला, "मंग तिचं लगेज काढा." बाबांनी मुकाट्यानं लगेज काढलं. पण तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या बाईनं ऐकलं, तिनं शेजारणीला सांगितलं, आणि सेलू येईपर्यंत आमच्या आजूबाजूच्या सीटा रिकाम्या झाल्या. माणसं दांडीला लटकून उभी, पण आमच्याजवळ कोणी बसेना. मी आणि ताई ऐसपैस मांडी घालून बसलो. आई मात्र खिडकीबाहेर पाहत होती, आपण या माणसाबरोबर आलोच नाही असा चेहरा करून.

आईचा नियम साधा होता. विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर तोंड बंद ठेवायचं.

"परवाना हाय ना तुमच्यापाशी?" ती विचारी.

"हाय."

"मांगतला तं दाखवता ना?"

"दाखवतो."

"मंग कोनी मांगतला नाई तं कायले त्याच्या बोकांडी बसता? त्याले दुसरे कामं नाई का?"

"अवं, त्याच्या हातात काडी, अन् माह्यापाशी बंदूक," बाबा म्हणत. "त्याले पयलेच मालूम असलेलं बरं नाई का? त्यालेबी घरी बायको-लेकरं असन."

"मलेबी हायेत ना लेकरं!" आई म्हणे आणि भांडी आपटे.

आता मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर त्या भांडणाचा निकाल कधी लागला नाही. परवान्याच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं की दिसेल त्या पोलिसाला अडवून सांगा. मागितलं तर दाखवा, एवढंच. आईला धड वाचता येत नव्हतं, पण ती कायद्याला धरून बोलायची. बाबांनी ते पुस्तक पाठ केलेलं, आणि तरी ते कायद्याच्या पुढे पळायचे. नागपूरला राहणारा आमचा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तिसरंच सांगे. त्याचं म्हणणं, विचारलं तरी सांगू नये. मामाचं पुढे येतंच.

त्या वर्षांत निवडणुका सारख्या येत. दिल्लीत कोणाचं सरकार पडलं की इकडे आमची बंदूक ठाण्यात. आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करा, असा हुकूम निघे, आणि तो निघायच्या आधीच बाबा खोळ झटकून तयार. तालुक्याच्या ठाण्यात लोक त्यांना नावानं ओळखत. बाबा सांगत, "काडतुसं नाई आनली, थे मंडळीपाशी राह्यते." आई काडतुसं तांदळाच्या डब्यात ठेवायची, हेसुद्धा ठाण्यात सगळ्यांना माहीत. बंदूक महिना-दीड महिना तिकडे पडून राही, आणि डुकरांना जणू आचारसंहिता लागू नव्हती, ती तेवढ्यात तूर साफ करून जात.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बाबांचं तोंड बंदुकीपुरतं मोकळं नव्हतं, आणि त्यात ताईचं लग्न अडकलं होतं.

ताईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी गालफुगी झाली, ताप उतरला आणि कान गेला. उजव्या कानानं तिला अगदी स्वच्छ ऐकू येतं, नको तेसुद्धा. नवख्या माणसाला वर्षभर बरोबर राहूनही कळणार नाही. पण बाबांचं काय? पाहुणे ओसरीवर बसले, पोह्यांची बशी हातात आली की बाबा सुरू. "पोरगी गुनाची हाय, पन डाव्या कानानं आयकत नाई, हे पयलेच सांगून देतो." पहिल्या पाहुण्यांनी पोहे संपवले आणि परत निरोप आला नाही. दुसऱ्यांनी तर पोहेही संपवले नाहीत. आतल्या खोलीत ताई नवी साडी नेसून तशीच बसून राहिली. मला बाबांचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

तिसरं स्थळ हिंगणघाटचं आलं. मुलगा कापडाच्या मिलमध्ये, पर्मनंट. मुलाचा बाप तिथल्याच एका जिनिंगमध्ये कामाला. पाहायला यायच्या आदल्या दिवशी बाबा जेवायला बसले, तर आईनं ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, "अन्नावर हात ठेवा."

"कायले?"

"कानाचं आपून होऊन बोलनार नाई म्हना."

बाबांनी भाताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "अन् त्यायनं विचारलं तं?"

"विचारलं तं मंग सांगा. कोन इचारते, 'तुमच्या पोरीचे कान किती हायेत' म्हनून?"

बाबांनी हात ठेवला. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. पाहुणे आले तेव्हा सारखं पाणी पीत होते. एवढं पाणी प्यायले की मुलाच्या बापानं विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" पण बोलले नाहीत. होकार आला, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. ताई मला म्हणाली, "हे जमलं पाह्यजे वं. मले हा पोरगा आवडला." ताईनं अशी गोष्ट तोंडानं बोलून दाखवली, ती आयुष्यात एवढी एकच.

आणि आली ना निवडणूक! साक्षगंध त्याच आठवड्यात, त्या गडबडीत बाबांचं ठाण्यात जाणं एकदाच काय ते राहून गेलं, आणि बंदूक जमा करायची मुदत साक्षगंधाच्याच दिवशी संपत होती. बाबा म्हणाले, भाड्याची जीप ठाण्यावरूनच जाते, जाता जाता देऊन टाकू. आई म्हणाली, "पोरीच्या साक्षगंधाले बंदूक?" बाबा म्हणाले, "साक्षगंधाले नाई, ठान्यात." सकाळी ठाण्यात गेलो, तर जमा करून घेणारा जमादार बंदोबस्ताला गेलेला, संध्याकाळी या म्हणाले. झालं! बंदूक पुन्हा जीपमध्ये. पुढे ड्रायव्हर आणि बाबा, मागे आई, ताई, मी, साड्यांची पिशवी, लाडवांचा डबा, गुलाबी फुलांची खोळ आणि नागपूरहून खास आलेला मामा. मामा त्या दिवशी भलताच प्रेमळ झाला होता. खोळ त्यानं आपणहून मांडीवर घेतली. "राहू द्या भाऊजी, मी सांभाळतो," म्हणाला.

पवनारच्या पुलाअलीकडे नाका लागला होता. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यात निवडणूक, त्यामुळे पोलिसांचा सगळा जीव बाटल्यांत. एका तरण्या शिपायानं आत डोकावून पाहिलं.

"कुठी?"

"साक्षगंधाले. हिंगणघाटले," आई म्हणाली.

"दारू-गिरू?"

"छ्या, काही बी का!" मामा म्हणाला.

"जा."

ड्रायव्हरनं गिअर टाकला. आईनं श्वास सोडला. आणि पुढच्या सीटवरून आवाज आला, "सायेब, माह्यापाशी बंदूक हाय."

आईनं डोळेच मिटून घेतले.

शिपाई चांगला होता. परवाना पाहिला, फोटो पाहिला, बाबांना पाहिलं, पुस्तक परत दिलं. "ठीक हाय काका, जा तुमी." इथं कोणीही शहाणा माणूस निघाला असता. पण बाबा म्हणाले, "पाहून तं घ्या. खाली हाय का भरेल हाय, तुमी पाह्यलं पाह्यजे."

"जाऊ द्या ना भाऊजी, मुहूर्त चुकन!" मामा एवढ्या जोरानं ओरडला की शिपायाला शंका आली. तो मागे आला आणि त्यानं खोळीची नाडी सोडली.

आधी बाटली निघाली, मग बंदूक.

मामाचा हिशेब असा होता की बंदुकीच्या खोळीत कोण हात घालणार? आणि दुसऱ्या कोणाची बंदूक असती तर तो हिशेब बरोबरही ठरला असता. बाबा त्या बाटलीकडे असे पाहत होते, जशी बंदूकच व्याली असावी. झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले हवालदार उठून आले. "कोनाची हे?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांना खरंच माहीत नव्हतं. आणि खोळ त्यांची, बंदूक त्यांची, परवाना त्यांच्या नावाचा. ताईनं माझा हात घट्ट धरला. बाबांना इथं बसवून घेतलं तर साक्षगंध कोण करणार? परवाना जायचा तो जाईल, पण पोरीचा बाप दारूच्या भानगडीत अडकला हे हिंगणघाटला पोहोचलं की तिसरं स्थळही गेलं. मामा लिंबाच्या झाडाकडे पाहत होता, लिंब कधी पाहिलाच नव्हता अशा नजरेनं.

आई जीपमधून खाली उतरली. पदर नीट केला. "विचारलं ना तुमी?"

"हो बाई, विचारूनच राह्यलो."

"मंग सांगते. माह्या भावाची हाय. थो लिंबाकडे पाहून राह्यला ना, थो."

मामा "अवं बाई, अवं बाई" करत राहिला. त्याला तिथंच बसवून घेतलं. हवालदारांनी बाबांचा परवाना पुन्हा एकदा पाहून परत दिला आणि म्हणाले, "तुमी जा. पोरीचं काम हाय." जीप निघाली, वर्धा मागे पडलं. मग बाबा हळूच म्हणाले, "पाह्य, सांगतलं म्हनून सापडली. नाई तं म्या दारू ठान्यात जमा केली असती." ताईला हसू फुटलं. आईनं तिच्याकडे असं पाहिलं की ते अर्ध्यातच विझलं.

हिंगणघाटला पोहोचलो तर मांडवात सगळे ताटकळलेले. मुलाचा बाप दारात आला. बाबांच्या काखेत ती खोळ. जीपमध्ये ठेवणार कशी, ड्रायव्हरच्या भरवशावर? "या या," मुलाचा बाप म्हणाला, "काऊन उशीर झाला?"

विचारलं ना! बाबांनी दारातच सगळं सांगितलं. आधी बंदूक सांगितली, तेव्हा मुलाचा बाप एक पाऊल मागे सरकला. मग ठाणं, जमादार, नाका, बाटली, मामा. मांडवातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आई लाडवांचा डबा घेऊन उभी, तिला जमिनीत जावंसं वाटत होतं. शेवटी मुलाचा बाप हसत हसत म्हणाला, "बरं झालं सांगतलं. अजून काही असन तं तेबी सांगून टाका!"

तो थट्टेत बोलला होता. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. अन्नावर हात ठेवला होता तो आपणहून न बोलण्यासाठी. आता विचारलं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई मान हलवून नाही म्हणत होती, आणि नियम तर तिचाच होता. बाबांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांना तसं पाहून मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

"मले डाव्या कानानं आयकू येत नाई," ताई म्हणाली.

बायांचे पदर तोंडावरून खाली आले. ताई माझ्या बाजूला उभी होती, खाली मान नाही, काही नाही. "ल्हानपनी गालफुगी झालती. बाबा सांगनारच होते. त्यायले घरून मनाई होती." मुलाच्या आईनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, संपलं. पुन्हा साडी बदलायची आणि घरी जायचं.

मुलगा पाटावर बसला होता. तो उठला. बापाकडे न पाहता बाबांना म्हणाला, "मीबी मिलमंधी पर्मनंट नाई. बदलीवर हाओ. कधी काम असते, कधी नसते."

"अबे, बस ना खाली!" त्याचा बाप खेकसला.

आणि आमची आई, जिनं जन्मभर न विचारता कोणाला काही सांगितलं नाही, जिनं अन्नावर हात ठेवायला लावला होता, ती लाडवांचा डबा खाली आदळून म्हणाली, "अवं माय! मंग हे पयले काऊन नाई सांगतलं?"

बाबा हसायला लागले. बंदूक काखेत, डोळ्यांत पाणी, आणि हसतायत. मग मुलाचा बाप हसला, मग सगळेच. साक्षगंध झालं. संध्याकाळी बंदूक जमा झाली आणि येताना मामालाही सोडवून आणलं. तो पुढे वर्षभर आईशी बोलत नव्हता. ताईच्या नवऱ्याची नोकरी काही पक्की झाली नाही. त्यानं मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि बरं चाललं. तो कायम तिच्या उजव्या बाजूनं चालतो.

बाबा गेले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तुरीच्या दिवसांत. परवाना त्यांच्या नावाचा, ते गेल्यावर बंदूक ठाण्यात नेऊन द्यायला हवी होती. तेरवी झाल्यावर आम्ही निघालो. गाडी ताईच्या नवऱ्याची, तोच चालवत होता. मागे आम्ही तिघी. आई एरवी ताईच्या उजवीकडे बसते, बोललेलं तिला ऐकू यावं म्हणून. त्या दिवशी तिनं डावीकडची खिडकी मागितली. मांडीवर ती खोळ. फुलांचा गुलाबी रंग पार उडून गेला होता.

हिंगणीच्या फाट्यापुढे नाका होता. पोरसवदा शिपाई. त्यानं वाकून पाहिलं, एक पुरुष, तीन बाया, पांढरं कपाळ. काही न विचारता हातानंच जा म्हणाला. गाडी हलली.

"थांबवा," आई म्हणाली. तिनं काच खाली केली. काच खाली करायचा तिला सराव नव्हता, दोन्ही हातांनी हँडल फिरवत होती. मग मान बाहेर काढून म्हणाली, "सायेब, आमच्यापाशी बंदूक हाय."

शिपाई दचकून जवळ आला. "कोनाची, आजी?"

"ज्यायची होती, थे नाई आता. थे असते तं त्यायनंच सांगतलं असतं."

तिनं परवान्याचं पुस्तक पुढे केलं. त्यानं बाबांचा फोटो पाहिला, परत दिलं आणि म्हणाला, "ठीक हाय आजी, जा तुमी."

"पाहून तं घ्या," आई म्हणाली. "खाली हाय का भरेल हाय."

त्यानं नाडी सोडली. समोर ताईच्या नवऱ्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. आई डाव्या बाजूला, मान काचेबाहेर, त्यामुळे ताईच्या कानावर यातलं धड काही पडलं नव्हतं. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हनली वं आई?"

विचारलं म्हणजे सांगायला हवं. मी तिच्या उजव्या कानाशी वाकले.